फट किती ठेवायची? रक्तपंपाच्या बेअरिंगची प्रकल्पवही

६ जानेवारी २०२५, बडोदे

विषय अखेर ठरला. शरीरात बसवायच्या फिरत्या रक्तपंपाचं थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे इम्पेलरला, रक्त ढकलणाऱ्या फिरत्या चाकाला, वरखाली सरकू न देणारा भाग. अख्खा पंप नव्हे. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, कारण आजीने दांडिया बाजारातल्या निम्म्या गल्लीला सांगून टाकलंय की नात हृदय बनवतेय.

आजचा हिशोब. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध ढकलतं. त्याची शक्ती काढली तर जेमतेम १.१ वॉट. एवढी शक्ती द्यायला खेळण्यातली मोटरही पुरे. अडचण आहे ती न थांबण्याची. इम्पेलर मिनिटाला २५०० फेरे मारतो असं धरलं तर वर्षाला १३१ कोटी फेरे होतात, आणि मध्ये उघडून बघायची सोय नाही.

संध्याकाळी मामांकडे. मामा मणेजाच्या बेअरिंग कारखान्यात तपासणी खात्यात होते. कारखाना १९६२ चा, तेव्हा त्याचं नाव प्रिसिजन बेअरिंग्ज. १३१ कोटी ऐकून ते जराही दचकले नाहीत.

"बरं. ग्रीस कुठलं?"

"ग्रीस नाही, मामा. बेअरिंग रक्तातच बुडालेलं असतं."

"मग सील?"

"सीलही नाही."

मामांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला. "अगं, मग ते बेअरिंग नाही. ती गिरणी झाली."

वाक्य लिहून ठेवलं. चुकीचं नाहीये ते.

१५ जानेवारी

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. बोटांना मांज्याचे चिरे, त्यामुळे टाइप करणं बंद, फक्त वाचन.

जुने लोक मामांसारखाच विचार करत होते: बेअरिंग बाहेर, मध्ये सील, रक्त पलीकडे. रिचर्ड वॅम्पलर यांनी इजिप्तमध्ये विहिरीतून पाणी उपसणारा आर्किमिडीजचा स्क्रू पाहिला आणि त्यावरून हेमोपंप सुचला. १९८८ मध्ये तो पहिल्यांदा माणसात वापरला. त्यात सीलच्या बाजूने सतत ग्लुकोजचं पाणी आत ढकलत राहावं लागे, नाहीतर रक्त आत शिरून चिकटलंच. काही दिवसांसाठी ठीक. वर्षानुवर्षं ग्लुकोजची बाटली गळ्यात घालून कोण फिरणार?

मग सील काढून टाकलं आणि बेअरिंग सरळ रक्तात ठेवलं. हार्टमेट २ या पंपात माणकाचा गोळा माणकाच्या वाटीत फिरतो. अमेरिकेत त्याला एप्रिल २००८ मध्ये मान्यता मिळाली. मामा हे ऐकून खूश: "घड्याळातलं ज्वेल!" झीज नगण्य. बेअरिंग म्हणून बघाल तर उत्तमच. पण गोळा आणि वाटी जिथे टेकतात तिथे उष्णता होते, आणि भोवतालच्या कोपऱ्यात रक्त रेंगाळलं की गुठळी धरते. २०१४ मध्ये तीन अमेरिकी रुग्णालयांनी आपली नोंद छापली. बसवल्यापासून तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचं प्रमाण मार्च २०११ च्या आधी २.२ टक्के होतं, ते जानेवारी २०१३ पर्यंत ८.४ टक्क्यांवर गेलं. सगळा दोष बेअरिंगचा होता असं कुणी म्हणत नाही. पण गुठळीला बसायला ती एक आवडती जागा होती.

म्हणून पुढची पिढी तरंगणारी. काहीच कशाला टेकत नाही. तरंगवायचे दोन मार्ग: चुंबक किंवा द्रवाची पाचर. आमचं काम पाचरीवर.

३ फेब्रुवारी

दोन पृष्ठभाग, एक फिरतो, एक स्थिर, आणि स्थिर पृष्ठभागाला किंचित उतार. फिरणारा भाग द्रवाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेतो. द्रवाला पळायला जागा कमी पडते, दाब वाढतो आणि तो दाबच वजन उचलतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं समीकरण मांडलं. पाण्यावर घसरणारी मोटार याच तत्त्वाने रस्ता सोडते. तिथे जो अपघात, तोच इथे इलाज.

आमचा नमुना: रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या भागाचा, व्यास ४० मिमी, मधली त्रिज्या १५ मिमी, २५०० फेरे. त्या त्रिज्येवर वेग सेकंदाला ३.९ मीटर. चार पॅड, म्हणजे उताराचे स्थिर तुकडे, प्रत्येकी १८ मिमी लांब, ८ मिमी रुंद. रक्ताची विष्यंदिता (दाटपणा) ३.५ मिलिपास्कल-सेकंद धरली. पॅड अरुंद आहेत, कडेने द्रव गळतो, ते धरून चारी पॅड मिळून किती उचलतील?

फट ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग): १.६ न्यूटन.
फट १०० मायक्रॉन: ०.४ न्यूटन.

फट दुप्पट केली की ताकद चौथाई.

आणि उचलायचं किती? रोटरचं वजन ३५ ग्रॅम, म्हणजे ०.३४ न्यूटन. ते बाजूलाच राहू दे. खरा भार दाबाचा. रोटरच्या तबकडीवर पंपाचा पूर्ण दाब एकाच बाजूने आला तर १६.८ न्यूटन. वरखाली बरोबरी साधूनही दहावा हिस्सा असमतोल उरला, तरी १.७ न्यूटन झालेच. म्हणजे ५० मायक्रॉनला आपण काठावर.

मग फट २५ करू? ताकद ६ न्यूटनच्या वर जाते. मामा असते तर २५ च काय, ५ म्हणाले असते.

१२ फेब्रुवारी

२५ का नाही, ते आज.

तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रॉन रुंद, २ मायक्रॉन जाड, पिशवीसारखी मऊ. २५ मायक्रॉनच्या फटीतून ती आरामात जाईल. अडचण मापाची नाही, ओढाताणीची आहे. फटीत एक भिंत स्थिर आणि दुसरी सेकंदाला चार मीटरने पळतेय. मधला कर्तन ताण, म्हणजे पेशीला कातरल्यासारखं ओढणारा ताण, असा निघतो: २५ मायक्रॉनला ५५० पास्कल, ५० ला २७५, १०० ला १३७. पेशी बराच वेळ ताणाखाली राहिली तर १५० पास्कलच्या आसपास फुटू लागते, हे १९७२ पासून माहीत आहे. फटीत ती सेकंदाचा छोटासा अंशच राहते, तेवढी सवलत आहे. पण तेच रक्त दिवसभरात पुन्हा पुन्हा त्याच फटीतून जातं.

गियरसीपेन आणि सहकाऱ्यांचं १९९० चं सूत्र: फुटण्याचं प्रमाण ताणाच्या २.४१६ व्या घाताने वाढतं आणि वेळेच्या ०.७८५ व्या. वेळ दुप्पट झाली तर नुकसान पावणेदोनपट. ताण दुप्पट झाला तर सव्वापाचपट. म्हणजे रक्त जास्त वेळ राहिलेलं परवडेल, चिरडलेलं नाही. (फार वेळ राहिलं तर गुठळी, हे आहेच. कुठूनही सुटका नाही.)

पेशी वाचल्या तरी वॉन विलब्रांड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रथिन ताणाने उलगडतं आणि त्याचे तुकडे पडतात. रक्तस्राव थांबवायला ते लागतं. या पंपांच्या रुग्णांना आतड्यातून रक्तस्राव होतो, त्यामागे हे एक कारण.

मामांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग: "आम्ही तेल बदलायचो आणि बेअरिंग वाचवायचो. तुझ्याकडे तेलच वाचवायचंय."

माझे गाईड सर नेमकं हेच तीन आठवडे मला समजावत होते, पाऊण तासाच्या हप्त्यांत.

२८ फेब्रुवारी

वर्कशॉप. ५० मायक्रॉनची फट मागितल्यावर टर्नरकाका हसले. "बेन, आ तो वाळ जेटलुंय नथी." केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, तेव्हा त्यांचं बरोबर.

उतार असा हवा: १८ मिमी लांबीत ६० मायक्रॉन उतरायचं. त्याआधी फुकटात काही बघता येतं का म्हणून पायरी करायचं ठरवलं. लॉर्ड रेली यांनी १९१८ मध्येच दाखवलंय की उतारापेक्षा सरळ पायरी थोडं जास्त वजन उचलते. आणि पायरी करणं सोपं. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायची पिवळी पॉलिइमाइड टेप गोंदासकट ६० मायक्रॉन जाड असते. ब्लेडने कापली, चार पॅडवर चिकटवली. खर्च शून्य, टेप इलेक्ट्रिकलवाल्या मैत्रिणीची.

भार टाकायला तरफ. त्यावर सोनाराची वजनं: १०, २०, ५०, १०० ग्रॅम. मांडवीजवळच्या आमच्या ओळखीच्या सोनाराने जुनी जोडी दिली, परत करायच्या बोलीवर. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र नाही, पण सोन्याच्या व्यवहारात जी वजनं चालली, ती माझ्या थीसिसला चालतील.

१० मार्च

पहिल्यांदा फिरलं! रक्ताच्या जागी पाणी आणि ग्लिसरीन, वजनाने ४० टक्के. ५० ग्रॅम टाकले, मोटर चालू केली, ८०० फेऱ्यांपाशी खरखर थांबली. रोटर उचलला गेला तो क्षण कानाला कळला. सेन्सरला नंतर.

तासभर कुणी काही बोललं नाही. मग सगळ्यांना सेव उसळ, माझ्या खिशातून.

१५ मार्च

काल धुळवड. घरी केशरी रंग उरला होता, खायचा. सिरिंजमध्ये भरून फटीच्या तोंडाशी एक थेंब सोडला आणि पारदर्शक ॲक्रिलिकमधून पाहत बसले.

उघड्या भागातला रंग डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात मात्र केशरी रेघ तशीच, चारी पॅडवर. वीस सेकंद मोजले तरी जाईना.

तेलाच्या बेअरिंगमध्ये या रेघेने कुणाचंही काही बिघडत नाही. इथे ती रेघ म्हणजे उद्याची गुठळी. जास्त वजन उचलणारी पायरी रद्द. कमी उचलणारा उतार मंजूर. रेली यांची क्षमा मागून. त्यांना कोपरा धुवायचा नव्हता.

(टेपही परवा सुटलीच. ग्लिसरीन गोंदाखाली शिरलं. निर्णय आधीच झाला होता, त्यामुळे दुःख नाही.)

३ एप्रिल

३१६ एल पोलादाचे चार पॅड सरफेस ग्राइंडरवर. उताराची युक्ती टर्नरकाकांची: १०० मिमीच्या फिक्स्चरच्या एका टोकाखाली ०.३० आणि ०.०३ च्या फीलर गेजच्या पट्ट्या. १०० मिमीत ०.३३ म्हणजे १८ मिमीत ०.०६. मी कोनमापक, सीएनसी, इलेक्ट्रोप्लेटिंग अशी तीन पानं लिहून नेली होती. त्यांनी ती पानं तेल पुसायला घेतली.

नंतर लॅपिंग, म्हणजे घासून सपाट करणं, खुणेचा निळा रंग लावून. दोन दिवस बोटं निळी.

१०० ग्रॅमला हिशोबाने ६४ मायक्रॉन यायला हवी होती. मिळाली ५२. पॅड एकमेकांशी पूर्ण समपातळीत नाहीत आणि ग्लिसरीन थोडं कोमट आहे, म्हणून. चालेल.

१६ एप्रिल

विचित्र प्रकार. २०० ग्रॅमवर सकाळी आठला स्वच्छ चालतं. दुपारी तीनला तेच पॅड, तेच वजन, तेच फेरे, आणि खरखर. परत सकाळी स्वच्छ. तीन दिवस हेच.

संशयितांची यादी: पॅड सैल होतात, मोटर तापून वाकते, दुपारी व्होल्टेज बदलतं, कुणीतरी हात लावतं. शेवटच्या संशयापायी लॅबच्या दारावर चिठ्ठी लावली, ती आता काढायला लाज वाटतेय.

मामांना बोलावलं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. दोन मिनिटांनी: "फेऱ्याला एकदाच टेकतंय. पॅड सैल नाही. तुझं तेल पातळ झालंय."

"ग्लिसरीन आहे, मामा."

"मग तुझं ग्लिसरीन पातळ झालंय."

१८ एप्रिल

झालंच होतं. ४० टक्के ग्लिसरीनची विष्यंदिता २० अंशांना ३.७२, ३० ला २.७२, ४० ला २.०७. तक्ता माझ्याच फाइलमध्ये पहिल्या आठवड्यापासून पडलेला. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या लॅबमध्ये, मोटरची उष्णता मिळवून, टाकीतलं पाणी ४० च्या पुढे होतं. फट विष्यंदितेच्या वर्गमुळाने बदलते, म्हणजे सकाळच्या चाळिसाची दुपारी तिशी. रोटरची डगमग पंचविसाच्या वर. मग फेऱ्याला एकदा टेकणार, नाहीतर काय?

आता टाकी ३७ अंशांवर बांधलेली, गरम पाण्याच्या बाथमध्ये, आणि ग्लिसरीन ५० टक्के, म्हणजे विष्यंदिता साडेतीनच्या जवळ येते. शरीर हे काम आपोआप करतं. आपल्याला त्यासाठी थर्मोस्टॅट आणि तीन दिवस लागले.

पण रुग्णाचंही तेल पातळ होतंच. रक्त कमी झालं, हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचं प्रमाण) उतरलं, की विष्यंदिता खाली येते आणि फटही. म्हणजे ज्याला रक्तस्राव झालाय त्याच्याच पंपात पेशी जास्त चिरडणार. हे प्रकरणात यायला हवं. सरांना विचारायचं.

६ मे

भाग दोन. आतापर्यंत रोटर मधल्या दांड्यावर होता, फक्त वरखाली मोकळा. आता दांडा काढायचा आणि बाजूने चुंबकी कड्यांनी धरायचं: एक कडं रोटरवर, एक बाहेर, एकमेकांना ढकलणारी. फिरवायला अजून मऊ नळ्या घातलेला दोन पिनांचा काटाच आहे. मोटर आत घेणं या वर्षात बसत नाही.

नुसत्या चुंबकांनी सगळंच का नाही तरंगवत, हे घरी प्रत्येकजण विचारतो. सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये सिद्ध केलंय की स्थिर चुंबकांनी सगळ्या दिशांना एकदम स्थिर धरता येत नाही. इथे त्याचा अर्थ अगदी रोख: दोन आडव्या दिशांचा ताठपणा (एक मिमी सरकवायला लागणारं बळ) आणि उभ्या दिशेचा, तिघांची बेरीज शून्य. आडवा ५ न्यूटन प्रति मिमी मिळवला, तर उभ्यात उणे १० पदरात पडतोच. चुंबक आडवा धरतो आणि उभा ढकलून देतो. हार्टमेट ३ ने विद्युतचुंबक आणि सेन्सर लावून हे क्षणोक्षणी सावरलं, म्हणून तिथे फटी अर्धा ते एक मिलिमीटर ठेवता आल्या. २०१९ मध्ये छापलेल्या तुलनेत, दोन वर्षांत गुठळीचा संशय १.४ टक्के रुग्णांत. हार्टमेट २ मध्ये १३.९.

आमचं घराणं दुसरं, एचव्हीएडी या पंपाचं: चुंबक आणि पाचर, सेन्सर नाही. त्या पंपाची विक्री जून २०२१ मध्ये थांबली. पक्षाघात जास्त, आणि थांबल्यावर पुन्हा सुरू न होण्याचे प्रकार. मग आपण हे का करतोय, असं सरांना सरळ विचारलं. "कारण इथे प्रत्येक मायक्रॉनचा जाब द्यावा लागतो. सेन्सर असला की माणूस आळशी होतो." पटलं असं नाही, पण लिहून घेतलं.

२० मे

फट १०० मायक्रॉनवर न्यायचा पहिला प्रयत्न, म्हणजे ताण १५० पास्कलच्या खाली राहील. चुंबकाची मधली जागा अशी ठेवली की १०० वर तो रोटरला पॅडकडे ०.४ न्यूटनने ढकलेल, आणि पाचर बरोबर ०.४ ने परत ढकलेल. कागदावर समतोल.

पाच वेळा चालू केलं. तीन वेळा रोटर ८५ च्या आसपास जाऊन बसला. दोन वेळा उलटा वर गेला आणि झाकणाला चिकटून किंचाळला. शंभरावर एकदाही थांबला नाही.

बाहेर ४३ अंश. आत मी आणि तो किंचाळणारा रोटर.

२१ मे

रात्री गच्चीवर सुचलं. लाइट गेले होते, त्याला श्रेय.

समतोल असणं आणि समतोल टिकणं वेगळं. मी नुसती बळं जुळवली, ताठपणा पाहिलाच नाही. पाचरीचा ताठपणा म्हणजे दुप्पट बळ भागिले फट. ५० मायक्रॉनला: दोन गुणिले १.६ भागिले ०.०५, म्हणजे ६४ न्यूटन प्रति मिमी. १०० ला: दोन गुणिले ०.४ भागिले ०.१, म्हणजे फक्त ८. फट दुप्पट केली की ताकद चौथाई, पण ताठपणा आठवा हिस्सा. आणि चुंबक तिथे उणे १० घेऊन उभा आहे. आठ विरुद्ध दहा. रोटर शंभरावर म्हणजे डोंगराच्या टोकावर ठेवलेली गोटी.

गोटी खाली घरंगळली की फट कमी होते, पाचर झपाट्याने ताठ होते आणि एका जागी चुंबकाला गाठते. हिशोबाने ती जागा ८६. कालच्या तीन वेळा तेच. वर घरंगळली तर गाठायला कुणी नाही, थेट झाकण. कालच्या दोन वेळा ते. पाचही प्रयोग बरोबर होते. मी चूक होते.

८ आणि १० ची बरोबरी होते ती फट ९३ मायक्रॉन. त्यापलीकडे हा चुंबक आणि हे पॅड एकत्र नांदणार नाहीत.

९ जून

सोपा उपाय: चुंबक अर्धा. कड्यांच्या दोन जोड्यांपैकी एक काढली. आडवा २.५, उभा उणे ५. आठ विरुद्ध पाच, पाचर जिंकली. माणूस कुशीवर झोपला की ३५ ग्रॅमचा रोटर आडवा लोंबेल, तो ०.१४ मिमी, बाजूला अर्धा मिमी जागा आहे. सगळं बसलं. फट १०० वर स्थिर, दहापैकी दहा वेळा.

दुपारी फेरे हळूहळू वाढवत नेले. २२०० ला टेबल गुणगुणायला लागलं. २४०० ला सोनाराची वजनं डबीत वाजायला लागली. बंद केलं.

काय झालं ते समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत, एवढी प्रगती. ३५ ग्रॅम आणि २.५ न्यूटन प्रति मिमी: स्वाभाविक कंपन सेकंदाला ४२.५, म्हणजे मिनिटाला २५५०. नेमका आमचा चालायचा वेग. भोवतीच्या द्रवाचं वस्तुमान धरलं की आणखी थोडा खाली. दोन जोड्या होत्या तेव्हा हा आकडा ३६००, सुरक्षित अंतरावर. उभं सांभाळायला चुंबक सैल केला आणि आडवं नेमकं अनुनादात नेऊन ठेवलं.

मामा: "पाचर मारायला गेलीस आणि शेपूट अडकलं." त्यांना माकडाची गोष्ट म्हणायचीय. माकडाने पाचर काढली होती, मारली नव्हती, पण वाद घातला नाही.

१७ जून

चुंबक परत दोन जोड्यांचा. तो हलवायचा नाही, फट १०० च्या खाली आणायची नाही, फेरे वाढवायचे नाहीत (ताण वाढतो). उरलं काय? पॅड.

लांबी वाढवायला वर्तुळात जागा नाही. रुंदी ८ ची ११ केली तर? ताकद नुसती १.४ पट होईल वाटलं होतं. पण पॅड अरुंद असल्याने द्रव कडेने गळतो, आणि रुंदी वाढली की गळतीचं प्रमाणच कमी होतं. दोन्ही मिळून ताकद दुपटीच्या वर. १०० मायक्रॉनला ०.४ ऐवजी ०.८५ च्या घरात, ताठपणा सुमारे १७. सतरा विरुद्ध दहा.

३ मिमी. तेवढ्याने सुटतंय.

आणि मग एचव्हीएडीचा इम्पेलर आठवला. जानेवारीत फोटो पाहिला तेव्हा वाटलं होतं, किती बेढब: पाती कुठली, चार जाडजूड लाद्या, मध्ये अरुंद गल्ल्या. पंपाच्या पुस्तकात पातं पातळ असतं. इथे पात्याचा माथाच बेअरिंगचा पॅड आहे, म्हणून ते रुंद. रक्ताला जायची वाट त्यांनी हौसेने अरुंद केली नव्हती. सहा महिने वळसे घालून मी त्याच लादीपाशी आले.

किंमत आहेच: रुंद पॅड म्हणजे कर्तनाचं क्षेत्र जास्त, घर्षणात जाणारी शक्ती जास्त. जुन्या पॅडना १०० मायक्रॉनला ०.३ वॉट जात होते, आता ०.४ च्या वर. जिथे उपयोगाची शक्तीच १.१ वॉट आहे तिथे हे बॅटरीतून निघणार.

२६ जून

रक्ताचा प्रश्न. सगळे विचारतात: रक्तात कधी चालवणार?

प्रमाण पद्धत ठरलेली आहे: ४५० मिलिलिटर रक्त, ३७ अंश, मिनिटाला ५ लिटर, १०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब, सहा तास, आणि दर थोड्या वेळाने प्लाझ्मात किती हिमोग्लोबिन सुटलं ते मोजायचं. परदेशात गाईचं किंवा डुकराचं रक्त सर्रास वापरतात. गुजरातेत गाईचा प्रश्नच नाही. बोकडाचं सहज मिळेल, पण शेळीची तांबडी पेशी माणसाच्या निम्म्याहून लहान. त्यावरून काढलेला आकडा माणसाला लागू होईल असं मी सांगू शकत नाही. माणसाचं रक्त मागायचं तर एथिक्स समितीचा अर्ज, आणि तो मागायला आपल्याकडे आधी अख्खा पंप हवा. आमच्याकडे पॅड आणि काटा आहे.

ठरलं: या वर्षी ग्लिसरीनच. थीसिसच्या शीर्षकातून 'रक्तस्नेही' हा शब्द काढला. सर म्हणाले ठेव, छान दिसतो. काढला.

३ जुलै

नवे पॅड लागले. ११ मिमी. टर्नरकाकांनी विचारलं, "हवे फट केटली?" शंभर म्हटल्यावर: "पहेलां कहेवुं हतुं ने, बेन. सो तो आंखे देखाय."

केशरी रंगाची परीक्षा पुन्हा: उतारावर रेघ नाही. आतल्या कडेला, ९ मिमी त्रिज्येपाशी, फिकट डाग सहा-सात सेकंद राहतो. तिथे वेग कमी आहे. कड गोलसर करून बघायची.

७ जुलै

७२ तासांची धाव पूर्ण. फट ९६ ते १०३. पावसाने दोनदा लाइट गेले, दोन्ही वेळा रोटर पॅडवर उतरला आणि परत उठला. हे योजनेत नव्हतं, पण बरं झालं. सुरू-बंद होतानाचं टेकणं बघायचंच होतं.

मामांनी स्क्रूड्रायव्हर लावला. "मोटर ऐकू येते. दुसरं काही नाही." मग पुन्हा लावला, जास्त वेळ.

उघडलं. तीन पॅडवर निळा रंग जसाच्या तसा. चौथ्याच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी चमक. मामांनी भिंगातून पाहिली, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली. चौथा पॅड बाहेरच्या बाजूला वर आलाय, पाच-सहा मायक्रॉन असेल. खालची शिम (पातळ पट्टी) काढून सरफेस प्लेटवर तपासायचा. उद्या वर्कशॉप बंद, म्हणजे बुधवारी.

सोनाराची वजनं परत केली. ५० ग्रॅमचं एक ग्लिसरीनने चिकट झालं होतं, ते गरम पाण्याने धुऊन.